सातव्या खांबाजवळचा बगळा

१

हिवाळ्यातल्या दर रविवारी, सकाळी सातच्या ठोक्याला, आत्या आणि मैना दलदलीच्या अलीकडच्या लपणीत येऊन बसत.

लपण म्हणजे पाण्याच्या काठावर चार खुंटांवर उभं केलेलं लाकडी खोपटं. पाच पायऱ्या, एक दार, एक बाक, आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. फटीवरची फळी उचलली की नदीनं मागे सोडलेलं सगळं पाणी समोर उभं राही. त्याच्या एका अंगाला झुडपांचं छोटंसं बेट, टोकाला पाणकणसांची गर्द रांग. आणि दोनशे पावलांवर, पलीकडच्या काठाला, हुबेहूब अशीच दुसरी लपण. तिच्यात घड्याळवाले काका एकटे बसत. दुकान मुलाकडे सोपवूनही वेळेचा काटेकोरपणा काही त्यांनी सोपवला नव्हता. सात वाजून दहा मिनिटांनी ते पितळी घंटा वाजवत, साडेसातला पुन्हा वाजवत, आणि त्या वीस मिनिटांत दोन्ही लपणींनी एकच पाणी मोजायचं, अशी पद्धत होती. मग पाण्याच्या मागच्या वनखात्याच्या कचेरीत चहा, आणि मोजणीचे दोन्ही तक्ते तिथल्या अधिकारीबाईंसमोर शेजारी शेजारी ठेवायचे.

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ती तोंड उघडत नसे म्हणून वर्गानं तिला ‘मुकी मैना’ करून टाकलं होतं. आत्यानं त्यातलं ‘मुकी’ काढून टाकलं.

‘‘अर्धं खोटं आहे, अर्धं गोड आहे. गोड ते आपलं,’’ ती म्हणाली होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून मैनाच्याच घरी, मागच्या खोलीत राहायची. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिची उभी हयात गेली. तिच्या नजरेतून टिंबसुद्धा सुटत नसे. बत्तीस हिवाळे तिनं या पाण्यावरचे पक्षी मोजले होते. यंदा मात्र तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एकेक डाग येऊन बसला. कडेचं धूसर दिसे, समोरचं पुसल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता असंच राहणार. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दलदलीवर कुणालाच नाही.

‘‘त्यांना कळलं तर पुढच्या रविवारी माझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बसेल,’’ आत्या म्हणाली होती. ‘‘घरात मी सगळ्यांच्या पायांत येते गं. ही एकच जागा राहिलीय, जिथे मी कुणाच्या पायांत येत नाही.’’

म्हणून मैना नेहमी आत्याच्या डावीकडे बसे. दुर्बिणीतून मोजे, आत्याच्या डाव्या कानात कुजबुजे, ‘‘थापट्या बदकं, बेचाळीस.’’ आणि आत्या पुढे झुकून खणखणीत आवाजात म्हणे, ‘‘थापट्या बेचाळीस! लिही.’’ मैना लिही. जणू आकडा आत्याचा आणि हात तेवढा तिचा. मैनाला त्याचं काही वाटत नसे. उलट आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्यानं बोलतंय, याचं तिला बरं वाटे. आकड्यात जराशी शंका आली की आत्या तिला कोपरानं ढोसे. ‘‘नीट मोज.’’

शेवटची घंटा झाली की एक जुनी रीत होती. पूर्वी कधीतरी एक मोजणारा लपणीतून उतरला आणि चिखलात रुतून बसला. दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून प्रत्येक लपणीनं समोरच्या लपणीतली माणसं मोजून ओरडून सांगायची.

‘‘समोर माणसं, दोन!’’ काका ओरडत.

‘‘एक,’’ मैना कुजबुजे.

‘‘समोर माणसं, एक!’’ आत्या ओरडे, आणि वर जोडे, ‘‘आणि तेही अर्धं झोपलेलं!’’

२

थंडीतल्या पहिल्याच रविवारी धुकं इतकं दाट होतं की पाण्यातले खांबसुद्धा अर्धेच दिसत होते. हे खांब पाण्याची खोली पाहायला रोवलेले होते. पहिला लपणीच्या पायऱ्यांशी, सातवा पार पाणकणसांच्या कडेला, जिथून नदीची जुनी धार जाते.

‘‘चांदवे एकतीस. पाणकावळे चार. संपलं,’’ मैना कुजबुजली.

‘‘आणि राखी बगळा?’’

‘‘नाही दिसत.’’

‘‘सातव्या खांबाशी बघ. आडव्या ओंडक्यावर.’’

‘‘आत्या, तिथे नुसतं धुकं आहे.’’

पलीकडून घंटा वाजली. आत्याला राहवेना. ‘‘बत्तीस हिवाळे तो तिथेच उभा असतो. धुक्यात आहे म्हणजे नाही असं होतं का? तो असतोच. लिही एक.’’

मोजणीचा पहिला नियम तक्त्याच्या माथ्यावरच छापलेला होता: जे दिसलं तेच लिहावं. दुसरा त्याच्या खाली: शाईनं लिहावं, खोडू नये. मैनानं दोन्ही वाचले. आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि शाईनं लिहिलं, राखी बगळा, एक.

कचेरीत काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘बगळा? आम्हाला नाही दिसला बुवा.’’

‘‘तुम्हाला काय दिसतंय! सातव्या खांबाशी, ओंडक्यावर,’’ आत्या म्हणाली.

‘‘ताई, ओंडका कुठला? तो यंदाच्या पुरात वाहून गेला की! खांबाशी आता सरळ छातीभर पाणी आहे. बगळा उभा राहील कशावर?’’

आत्या हसली. ‘‘माझ्या बगळ्याचे पाय लांब आहेत,’’ ती म्हणाली.

अधिकारीबाईही हसल्या. आत्यानं मात्र चहा तसाच ठेवला, आणि ते मैनाखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

३

पुढच्या रविवारी हवा काचेसारखी स्वच्छ होती. मैनानं मुद्दाम पहिल्यांदा सातवा खांब पाहिला.

तिथे राखी बगळा उभा होता.

तिला आधी सुटल्यासारखंच झालं. म्हणजे आत्या चुकली नव्हती. बगळा त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. खांदे वर ओढलेले, मान आत घेतलेली. थंडीत बगळे असेच उभे राहतात.

मग तिला काकांचं बोलणं आठवलं. छातीभर पाणी.

तिनं दुर्बीण पुसली आणि पुन्हा लावली. खाली बुडालेला ओंडका असेल. कुठूनतरी वाहत आलेला दुसरा असेल. नाहीतर तो बगळाच नसेल. खांबाला अडकलेलं करड्या रंगाचं पोतं वाऱ्यानं फुगून तसं दिसत असेल. पण वारा नव्हता. आणि चांदवे, जे एरवी पाणी दिसेल तिकडे पसरतात, ते त्याच्याभोवती मोठं गोल पाणी मोकळं सोडून पोहत होते. एखादा पोहत पोहत त्या गोलाच्या कडेला येई, थांबे आणि वळे.

‘‘काय झालं?’’ आत्यानं विचारलं.

‘‘बगळा. एक.’’

‘‘बघ! मी म्हटलं नव्हतं?’’ आत्याचा आवाज पाण्यावरून दूर गेला. ‘‘राखी बगळा एक! लिही.’’

काकांच्या तक्त्यात बगळा नव्हता.

तिसऱ्या रविवारी तो सहाव्या खांबाशी होता, चौथ्या रविवारी पाचव्या. दर वेळी पाठमोरा, पाण्याच्या वर तेवढाच. मैनानं दोन्ही वेळा लिहिलं, कारण तिला दिसला होता. काकांना दोन्ही वेळा दिसला नाही. चौथ्या रविवारी अधिकारीबाईंनी दोन्ही तक्त्यांवर बोट ठेवलं आणि आत्याकडे पाहिलंच नाही.

‘‘ताई, बदकं दहा-वीस इकडे तिकडे झाली तर मी काही म्हणत नाही. पण एवढा कमरेइतका उंच पक्षी एका काठावरून दिसतो आणि दुसऱ्यावरून दिसत नाही? चार वेळा?’’ त्या थांबल्या. ‘‘डोळे एकदा तपासून घेता का?’’

‘‘काकांचे?’’ आत्यानं विचारलं.

कुणी हसलं नाही.

त्या दिवशी घरी येताना आत्यानं मैनाचा दंड घट्ट धरला होता. ‘‘खरंच दिसतो ना तुला?’’ ती म्हणाली. ‘‘माझं मन राखायला तर लिहीत नाहीस?’’

‘‘दिसतो,’’ मैना म्हणाली.

हे खरं होतं. खोटा होता तो फक्त पहिला. त्या पहिल्या खोट्यानंतरच हे खरं सुरू झालं, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं. लिहिल्यानं पक्षी येत नसतात. तसं असतं तर काय हवं होतं!

४

पाचव्या रविवारी तो चौथ्या खांबाशी होता, आणि तिथे पाणी जेमतेम गुडघाभर होतं.

मैना त्याच्याकडे फार वेळ पाहत राहिली. सातव्याशी छातीभर पाणी होतं तेव्हा तो पाण्याच्या वर जेवढा दिसत होता, तेवढाच गुडघाभर पाण्यातही दिसत होता. म्हणजे पाणी कमी होत होतं तसा तो खाली दुमडत होता. बाकीचा भाग त्या उथळ पाण्यात कसा आणि कुठे मुडपून ठेवला असेल, याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवलं.

घंटा होत आली होती. आत्या वाट पाहत होती.

‘‘आणि बगळा?’’

लिहिलं तर आत्याची जागा जाणार. न लिहिलं तर तक्ते जुळणार. आणि लिहिल्यानंच येत असेल, तर न लिहिल्यानं थांबेलही. मैना कुजबुजली, ‘‘आज नाही.’’

कचेरीत दोन्ही तक्ते जुळले. अधिकारीबाईंचा चेहरा सैल झाला, काकांनी आत्याला दुसरा कप ओतून दिला. ‘‘गेला एकदाचा तुमचा लांब पायांचा पाहुणा,’’ ते म्हणाले. आत्या वाटभर गुणगुणत आली. कित्येक महिन्यांनी.

मैना गप्प होती. ती नेहमीच गप्प असे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

५

सहाव्या रविवारी तो कुठेच नव्हता.

लपणीच्या पाच पायऱ्या दवानं पांढऱ्या पडल्या होत्या. फक्त सगळ्यांत वरची ओली होती, आणि तिच्यावर थोडं शेवाळ. आत कुबट, पाण्याच्या तळासारखा वास येत होता. मैनानं फळी उचलली. चौथा खांब, तिसरा, दुसरा, पायऱ्यांशी असलेला पहिला. मोकळं पाणी. चांदवे सगळीकडे पसरलेले. फक्त लपणीसमोर एक मोठं अर्धवर्तुळ त्यांनी सोडून दिलं होतं.

घंटा झाली. मैना मोजू लागली.

‘‘टिबुकल्या, सोळा.’’

आत्या पुढे झुकली. थांबली. जरा मान कलती केली.

‘‘टिबुकल्या एकोणीस! लिही.’’

‘‘सोळा, आत्या.’’

‘‘मग आत्ता एकोणीस का म्हणालीस? नीट मोज.’’

तिचा आवाज साधाच होता, जरासा वैतागलेला. मैनानं पेन हातात धरलं होतं. तिला आत्याच्या पलीकडे, उजवीकडे पाहायचं होतं. तिथे बाकाचा उरलेला भाग होता आणि कोपरा. रिकामा असणार. पाहिलं की झालं. पण तिची मान वळेना. तिनं एकोणीस लिहिलं. पुढे थापट्यांचंही तसंच झालं. मग तलवार बदकांचं. मैना बोलायची, आणि आत्या क्षणभर थांबून दुसराच आकडा पुकारायची.

साडेसातची घंटा वाजली.

‘‘समोर माणसं,’’ काका पलीकडून ओरडले. मग, ‘‘तीन!’’

आत्या खो खो हसली. ‘‘अहो घड्याळवाले, किल्ली द्या डोळ्यांना!’’

मैनानं तिचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढतच पायऱ्यांखाली नेलं.

कचेरीत दोन्ही तक्ते अक्षर न् अक्षर जुळले. टिबुकल्या एकोणीस. सोळा पाण्यावर, आणि तीन, काका म्हणाले, बेटाच्या मागच्या बाजूला, जिथलं अलीकडच्या लपणीतून दिसूच शकत नाही.

‘‘तिसरं कोण होतं तुमच्यात?’’ काकांनी हळूच मैनाला विचारलं. ‘‘करडी शाल घेतलेलं. फार वाकून बसलं होतं.’’

घरी जाताना आत्या खुशीत होती. ‘‘आज छान सांगितलंस हो. तेवढं सारखं डावीकडून उजवीकडे जाऊ नकोस. अडखळायला होतं. पण उजवीकडून जास्त स्वच्छ ऐकू येतं मला.’’

६

मैनानं आत्याला तीन दिवस विनवलं. पुढच्या रविवारी नको जाऊया. ताप आहे म्हणू. काहीही म्हणू.

‘‘आता कुठे तक्ते जुळायला लागले,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुला काय झालंय? जे काय आहे ते सरळ सांग.’’

मैनानं सांगायचा प्रयत्न केला. तिला ते जमलं नाही. बगळा नव्हता आणि मी लिहिला. मग तो आला. आता तो तुझ्या उजवीकडे बसतो. ही वाक्यं तिनं मनात कितीदा जुळवून पाहिली, पण ती मोठ्यानं म्हणता येईनात. तिला एकच गोष्ट म्हणता येण्यासारखी होती, आणि ती म्हटली की आत्या लपणीत जायची थांबणार होती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटी कचेरीत गेली. अधिकारीबाईंसमोर उभी राहून, टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाली, ‘‘आत्याला दिसत नाही. सगळे आकडे मी सांगते. पहिल्या रविवारचा बगळा कुणीच पाहिला नव्हता.’’

अधिकारीबाईंनी तक्ता काढला. पहिल्या बगळ्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला ‘न पाहता लिहिला’ असं लिहून मैनाची सही घेतली.

‘‘आणि पुढचे तीन?’’

मैनानं पेन परत टेबलावर ठेवलं. ‘‘ते मी पाहिले.’’

‘‘मग ते राहतील,’’ त्या म्हणाल्या. नियमच तसा होता.

संध्याकाळी अधिकारीबाई घरी येऊन गेल्या, आणि आत्यानं लपणीची किल्ली बाबांच्या हातात ठेवली. बत्तीस वर्षं ती तिच्या पदराच्या टोकाला बांधलेली असे. गाठ सोडायलाच वेळ लागला. मैनाला ती एकच वाक्य बोलली.

‘‘माझे डोळे होतीस ना तू? डोळे चुगली करतात का गं?’’

त्यानंतर मागच्या खोलीचं दार मैनासाठी उघडलं नाही.

७

रविवारी मैनाला पलीकडच्या लपणीत काकांसोबत बसायला सांगितलं होतं. अलीकडची लपण बंद राहणार होती. घरातून निघताना आत्याचं दार लावलेलं होतं. दाराशी तिच्या चपला नव्हत्या; आईनं उचलून ठेवल्या असतील. कचेरीत खिळ्याला बाबांनी आणून दिलेली किल्ली लटकत होती. मैनानं ती दोनदा पाहिली.

काका तिच्याशी फार मायेनं वागत होते. थर्मासच्या झाकणात चहा देत म्हणाले, ‘‘मनाला लावून घेऊ नकोस पोरी. आज ना उद्या कळणारच होतं.’’

सात वाजून दहा मिनिटं. घंटा. इथून सगळं पाणी उलटं दिसत होतं. पहिला खांब सगळ्यांत लांब, सातवा जवळ. कुठेही बगळा नव्हता. मैनानं मोजलं, काकांनी लिहिलं. तिला प्रथमच आपला आकडा आपल्याच आवाजात ऐकू येत होता, आणि तो फार बारीक होता.

साडेसात. काकांनी घंटा वाजवली. तिचा नाद पाण्यावर विरला.

आणि समोरच्या बंद लपणीची फळी वर उचलली गेली.

‘‘समोर माणसं,’’ पाण्यावरून खणखणीत आवाज आला, ‘‘दोन!’’

काकांच्या हातात घंटा तशीच राहिली. ‘‘ताई?’’ ते पुटपुटले. ‘‘पण त्यांना तर दिसत नाही... त्यांना कुणी सांगितलं दोन?’’

मैनानं दुर्बीण लावली. फटीत आत्या बसली होती, नेहमीच्या जागी, हनुवटी वर करून. चेहरा उजळला होता. तिच्या डावीकडची जागा रिकामी होती. उजवीकडे काहीतरी करडं, छपराला लागलेलं आणि तिथून खाली वाकलेलं, एवढ्या लांबून खाली वाकलेलं, की त्याचं टोक बरोबर आत्याच्या कानाशी आलं होतं.

या वेळी ते पाठमोरं नव्हतं.

मैनानं दुर्बीण खाली केली. समोर आत्या उत्तराची वाट पाहत थांबली होती. तशी रीतच होती.

‘‘मला नीट दिसत नाही,’’ काका म्हणाले, आणि ते खोटं बोलत आहेत हे मैनाला कळलं. त्यांनी पेन तक्त्यावर टेकवलं नाही. ‘‘तुझे डोळे चांगले आहेत. तू सांग. किती?’’

मैना उठली. फटीच्या कडेला दोन्ही हात टेकले. आजवर ती लांबच्या कुणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती.

‘‘एक!’’ ती ओरडली. ‘‘आत्या, तू एकटीच आहेस तिथे! ऊठ! बाहेर ये!’’

चांदवे एकदम उडाले आणि लांब जाऊन बसले. पाणी पुन्हा सपाट झालं.

पलीकडे आत्यानं मान किंचित उजवीकडे कलती केली. काहीतरी ऐकलं. मग पुढे झुकून, दोनशे पावलांवरून, पूर्वीच्याच मायेनं म्हणाली,

‘‘नाही गं, मैना. नीट मोज.’’